भासऱ्याशी बोलायची रीत

उन्हं अजून तलावाच्या पाळीपलीकडंच होती, तरी वांग्यांनी माना टाकल्या होत्या. गयाबाईनं एका झाडाचं पान बोटांत धरून पाहिलं. जुन्या फडक्यासारखं मऊ लागलं. रात्रीच्या गारव्यानंही पान उभं राहिलं नव्हतं, म्हणजे मुळाशी ओल उरली नव्हती. तिनं पदर खोचला, घागर उचलली अन् विहिरीकडं निघाली.

विहीर आपली नावाला. तळाशी गढूळ थारोळं तेवढं उरलेलं. सून मीनल आत उतरून डब्यानं घागर भरत होती अन् गयाबाई वरून ओढत होती. दोरानं तळहात सोलून निघाले होते. एका झाडाला एक तांब्या. तांब्या ओतला की माती फस्सदिशी तो पिऊन टाकायची अन् पुन्हा कोरडीठक्क.

"आई, या ओळीला कालच दिलं होतं," खालून मीनल ओरडली.

"आजबी द्या लागन. नाई तं उद्या चुलीतच घालाव लागन."

आता गंमत पाहा. हे सगळं चाललं होतं ते भरल्या तलावाच्या पायथ्याशी! गेल्या पावसानं आदिलाबादकडच्या या तलमडुगूच्या भागात हात आखडता घेतला नव्हता. पाळीवर चढून पाहिलं की पाणी असं लखलखत होतं, बगळे गुडघाभर पाण्यात उभे होते. पाळीच्या पोटातून खालच्या मळ्यांना पाणी सोडायचं एक लोखंडी दार होतं, त्याला सगळा गाव तूम म्हणतो. तुमाच्या चाकाला साखळी होती, साखळीला कुलूप, अन् कुलपाची चावी सरपंच सुधाकररावाच्या जाकिटाच्या खिशात. कारण काय, तर तलावात सुधाकररावाच्या साळ्यानं मासे सोडले होते. ते मोठे होऊन बाजारात जाईपर्यंत पाणी उतरू द्यायचं नव्हतं. हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं अन् विचारणं वेगळं.

विचारलं ते गयाबाईनं. अन् तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

गयाबाई आता नुसती भाजीवाली नव्हती, पंचायतीची मेंबर होती. बायांसाठी राखीव झालेल्या वॉर्डात सुधाकररावाच्या विरुद्ध गटानं तिला उभी केली, ती तिचा आवाज पाहून. आदिलाबादच्या बाजारात सांबाराच्या जुड्या मांडून तिनं "कोवळाऽ सांबाऽर" अशी हाक दिली की रस्त्यापलीकडच्या बसमधली बाई कोथिंबीर घ्यायला खाली उतरायची. निवडून आली अन् पहिल्याच बैठकीत उभी राहिली.

"सरपंचसायब, तूम काऊन बंद हाय? खाली आमची वांगी-मिरची मरून राह्यली. पाणी गावाचं हाय का तुमच्या साळ्याचं?"

 सुधाकरराव मोठा थंड माणूस. त्याचा आवाज कधी चढायचा नाही. तुपात बोट बुडवून बोलल्यासारखं बोलायचा. तो हसला अन् म्हणाला, "सवालाला माझी हरकत नाही. सवाल कोणीही करावा. पण हा लहजा? भासऱ्याशी असं बोलतं काय कोणी?"

झालं! गयाबाईचा नवरा भगवंतराव हा सुधाकररावाचा चुलतभाऊ, वयानं धाकटा. म्हणजे सुधाकरराव गयाबाईचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. अन् इकडं सून भासऱ्याच्या समोर येत नाही. आली तर डोक्यावर पदर, अन् तोंडाला तोंड देऊन बोलणं तर बापजन्मात नाही. लग्न होऊन आल्यापासून गयाबाईनं ही रीत पाळली होती. मेंबर झाल्यावर तिला वाटलं, खुर्चीवर बसला तो सरपंच, भासरा घरी. बिचारी तिथंच चुकली. बैठक उठली ती एवढं ठरवून की गयाबाईनं आधी ग्रामसभेत माफी मागावी. पाण्याचा विषय त्याच्या नंतर.

दुपारी पोरगा सुरेंद्र बाजारातून परतला. मोटरसायकलीचे रिकामे क्रेट त्यानं अंगणात असे आदळले की कोंबड्या उडाल्या.

"काय झालं रे?"

"काय होते? मोबाइलात तुमचा व्हिडिओ फिरून राह्यला. 'साळ्याचंऽ?' एवढंच. तोंड हे एवढं वासलेलं. नेरडीगोंड्याचा तो व्यापारी मले म्हणते, तेरी माँ तो बहुत तेज है रे."

"अन् पाण्याचं काय म्हणते तो?"

"पाण्याचं कोण इचारते, आई?"

तेच तर! गावातही तेच. पारावर, पिठाच्या गिरणीत, चहाच्या टपरीवर एकच बोलणं. "बाईचं म्हणणं खरं हाय, पण बोलायची काही पद्धत असते." म्हणणं खरं आहे इथवर सगळे यायचे अन् मग त्या 'पण'पाशी येऊन मुक्काम ठोकायचे. ज्यांच्या मिरच्या गयाबाईच्या मिरच्यांसारख्याच वाळत होत्या, तेही. उलट तेच जास्त. शेजारच्या मळ्यातली आशाबाई, जिनं बैठकीआधी गयाबाईच्या कानात "इचाराच तुमी" म्हणून सांगितलं होतं, ती आता समोरून आली की घागर दुसऱ्या कडेवर घेऊन तोंड फिरवायची.

संध्याकाळी जेवताना भगवंतरावानं तोंड उघडलं. "मी म्हणतच होतो, जराशी हळू बोल."

"तुमी बोललेच ना हळू. दिवाळीपासून हळूच बोलून राह्यले. त्यायले ऐकू गेलं का?"

भगवंतरावानं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला अन् तो बुडवतच राहिला. भला माणूस होता. कोणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यात त्यानं बैलावरसुद्धा आवाज चढवला नव्हता, मग भावावर काय चढवणार? गयाबाईला त्याची दया यायची अन् रागही यायचा, अन् दोन्ही एकदमच यायचे म्हणून ती जास्त चिडायची.

"मी जाऊन येते," मीनल म्हणाली. ती शिकलेली होती, आदिलाबादच्या कॉलेजात जाऊन आलेली. "बाबा सोबत येतील. मी नीट बोलेन, आई. एक शब्द वाकडा जाणार नाही."

सकाळी दोघं गेले. सुधाकरराव ओसरीवर झोपाळ्यात बसून फोनवर बोलत होता. शेजारी पंचायतीचा मेंबर भिवाजी बशीतून चहा पीत होता. सुधाकररावानं बोटानं पायरी दाखवली. भगवंतराव पायरीवर बसला, मीनल पदर घेऊन खांबाशी उभी राहिली. फोन संपला. दुसरा लागला. तोही संपला. ऊन पायरीवरून भगवंतरावाच्या मांडीवर चढलं. दुसरा चहा आला, तोही भिवाजीलाच.

"बोला," सुधाकरराव शेवटी म्हणाला.

मीनलनं रात्रभर मनात घोळवलेलं म्हटलं. "मोठे बाबा, आमची आपल्याला विनंती आहे. थोडं तरी तूम उघडावं. मासे जगतील एवढं पाणी तलावात राहू द्यावं, बाकीच्यात आमचे वाफे वाचतील. आपण मोठे आहात, आपल्यालाच सांगणार ना आम्ही."

सुधाकररावानं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली. "गोड बोललीस, सूनबाई. फार गोड. पण घरच्या माणसाशी कोणी एवढं गोड बोलतं काय? हे वरवरचं झालं. मला यात टोमणा ऐकू येतो."

"टोमणा नाही, मोठे बाबा..."

"पाहा, उलट उत्तर."

मीनलचे कान लालेलाल झाले. काय बोलावं? बोललं तर उलट, नाही बोललं तर मग्रूर. सुधाकरराव भावाकडं वळला. "अन् तू रे भगवंता? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. हाही एक रागच झाला. समजतं मला."

 भगवंतरावानं हातातली टोपी एवढी पिळली होती की तिचा बोळा झाला होता.

"मी काही दुष्ट माणूस नाही," सुधाकरराव झोपाळ्याला पाय लावत म्हणाला. त्याला आता बोलायची लहर आली होती, भिवाजीसारखा ऐकणारा बसला होता. "माझं भांडण पाण्याचं नाही, अदबीचं आहे. भासऱ्याशी बोलायची जी रीत आपल्या आज्या-पणज्यांनी घालून दिली, त्या रीतीनं विचारू दे तिला. सभेत विचारू दे. तिथल्या तिथं चावी काढून देतो. काय भिवाजी? तू आहेस ना ऐकायला?"

भिवाजीनं बशी ओठाला लावूनच मान डोलावली.

ते परतले तेव्हा गयाबाई खालच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. विहिरीचं थारोळं आता सगळ्या मळ्याला पुरणार नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. वरचे वाफे जगवायचे तर खालचा सोडावा लागणार होता. मिरचीनं फूल गाळलं होतं, पांढरा सडा पडला होता बुडाशी. अन् ती वांग्याची झाडं उपटत होती, म्हणजे निदान म्हशीला तरी होतील. झाडांना अंगठ्याएवढी वांगी धरली होती. एकेक झाड उपटताना हात थांबायचा, मग पुन्हा चालायचा. रोपं तिनंच पौषात लावली होती, आंब्याच्या डहाळ्यांची सावली करून जगवली होती.  ती रडली. लपवून नाही, चांगली सुरकन् नाक ओढून रडली, अन् रडता रडता उपटत राहिली.

मीनलनं घडलं ते सगळं सांगितलं. पायरीचं, चहाचं, टोमण्याचं.

"गोड बोलली तं टोमणा म्हणे?" गयाबाईनं मातीच्या हातानंच तोंड पुसलं. "अन् हे चूप बसले तं राग म्हणे?"

"हो."

"मंग याले पायजे तरी काय बाप्पा? कुत्र्यावानी भुंकलं तं चालन का?"

"म्हणाले, आज्या-पणज्यांची रीत आहे, त्या रीतीनं सभेत विचारू दे. तिथंच चावी देतो."

गयाबाईचा हात थांबला. "असं म्हणले? आपल्या तोंडानं?"

"भिवाजीकाकांसमोर."

तिनं हातातलं झाड बाजूला टाकलं. भगवंतराव जवळ येऊन वाकला, उपटलेली झाडं गोळा करू लागला. "माग ना माफी, गया. काय जाते? हा वाफा गेला, वरचा तरी राहीन."

"मागन," ती म्हणाली. एवढंच. त्याला बरं वाटलं, अन् तिच्या आवाजानं जरा भीतीही वाटली.

सभा पंचायतीपुढच्या लिंबाखाली भरली. सकाळची वेळ, पण ऊन आत्ताच चावत होतं. मंडळाहून, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून, सेक्रेटरीबाई आल्या होत्या, तेलुगू बोलणाऱ्या अन् गावाशी हिंदीतून भागवणाऱ्या. सुधाकररावानं माइक हातात घेतला, दोनदा टकटक केलं अन् आपल्या त्या तुपाळ आवाजात गावाची एकी, मोठ्यांचा मान, संस्कार वगैरे बरंच बोलला. लोकांनी माना डोलावल्या. मग म्हणाला, "गयाबाईंना काही सांगायचंय. सांगू द्या."

गयाबाई उठली.  तिनं पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला. टेबलाकडं न जाता बाजूनं गेली, सुधाकररावाकडं पाठ केली अन् पंचायतीच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. चुना दिलेली भिंत, तिच्यावर तेलुगूत काहीबाही रंगवलेलं. पदराआडून तिला तेवढंच दिसत होतं.

"भिंतीबाई," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा, पण एवढी शांतता झाली होती की शेवटल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "त्यायले सांगा, सून पाया पडते. सुनेचं चुकलं, तोंडावर बोलली. अन् त्यायले एवढं इचारा, तूम कायले बंद हाय?"

बायांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन् हसलं अन् दाबलं.

सुधाकररावाचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त डोळ्यातून गेलं. "हा काय तमाशा आहे? ही थट्टा झाली. सेक्रेटरीबाई, देखिए, लहजा देखिए."

सेक्रेटरीबाई गोंधळल्या. "दीवार से क्यों बात कर रही है?"

तेवढ्यात पुढं चटईवर बसलेली रमाबाई काठी टेकत अर्धी उठली. रमाबाई म्हणजे सुधाकररावाची माय. कंबरेत वाकलेली, पण कान शाबूत. "तमाशा कायचा रे? मी माझ्या भासऱ्याशी जलमभर अशीच बोलली. भिंतीबाई, त्यायले सांगा पान वाढलं. भिंतीबाई, त्यायले सांगा वासरू सुटलं. ते मरेस्तोवर त्यायनं माझं तोंड नाई पाह्यलं. हेच रीत हाय. बरोबर बोलून राह्यली गया."

"आई, तुम्ही मधात बोलू नका."

"काऊन? माझाबी लहजा चुकला का?"

आता मात्र हसू फुटलं. बायांमधून फुटलं ते पुरुषांत पसरलं. रमाबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ती तशीच म्हणाली, "अन् भासराबी भिंतीलेच उत्तर देते, सुधाकरा. सुनेवर आवाज नाई काढत. दे उत्तर."

गयाबाई हसली नाही. पदराखाली घाम मानेवरून पाठीत उतरत होता. हसण्यावारी गेलं तर सगळंच गेलं, हे तिला कळत होतं. मळ्यात आता वरच्या वाफ्यावर ऊन आलं असेल. तिनं पुन्हा भिंतीला म्हटलं, तेवढ्याच आवाजात, "भिंतीबाई, वांगी मरून राह्यली. त्यायले इचारा ना माय."

शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. बांगड्यांवरून कळलं, आशाबाई. "भिंतीबाई, आमची मिरचीबी वाळून राह्यली." मग आणखी एक आली, मग आणखी. गावातल्या किती तरी जणींचा सुधाकरराव भासरा लागत होता! पदर ओढून, पाठ करून, साऱ्या भिंतीशी ओळीनं उभ्या.

"दादा," भिवाजी उठला. नजर जमिनीकडं. "तुमी म्हणले होते माझ्या समोर. रीतीनं इचारलं तं चावी देतो म्हणून."

"तू गप रे!"

"म्हणलं होतं ना पण."

अन् मग तुपाचं भांडं उपडं झालं. "नाही सोडत पाणी!" सुधाकरराव माइकातच किंचाळला. "मासे आहेत माझ्या साळ्याचे, नाही सोडत! काय उपटायचं ते उपटा! दीड दमडीच्या भाजीवाल्या, मला शिकवतात! माझ्या जीवावर जगता अन् मलाच..."

आवाज लिंबावरून, घरांवरून पार सडकेपर्यंत गेला. माइक कुईं करून थांबला. सुधाकररावालाही कळलं आपण काय बोललो ते. सेक्रेटरीबाई उभ्या राहिल्या होत्या. मागं बसलेले मळेवालेही एकेक करून उभे राहत होते.  सुधाकररावानं जाकिटाच्या खिशात हात घातला, चावी काढली अन् भिरकावली. "घ्या! घ्या अन् मरा!"

चावी भगवंतरावाच्या पायाशी धुळीत पडली.

अन् मग सभेनं जो गिल्ला केला म्हणता! "हे काय देणं झालं?" "कुत्र्याले तुकडा फेकल्यावानी!" "सरपंचाले शोभते का हे?" "बायांले काय बोलला ऐकलं ना!" "माफी मागा! माफी मागा!" सुरेंद्रनं मोबाइल वर धरला होता. अन् त्या सगळ्या गोंधळात भगवंतराव, हो, भगवंतराव, बोळा झालेली टोपी मुठीत धरून ओरडला, "दादा! चावी उचला! हातात द्या! नाई तं नाई पायजे मले तुमची चावी!"

गयाबाईनं गर्रकन् वळून पदर मागं सारला. हा आवाज तिच्या नवऱ्याचा? त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.  अख्खा संसार झाला, हा आवाज ऐकायला ती तरसली होती. तिथंच उभं राहून ऐकत राहावंसं वाटलं तिला.

पण ऊन लिंबाच्या शेंड्यावर आलं होतं.

ती पुढं झाली, वाकली, चावी उचलली अन् पदराला पुसली.

"गया, टाक ते!" भगवंतराव ओरडला. "कसं फेकलं पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं."

"मंग? अशी कशी घेते? आधी त्यायले उचलू दे, माफी मागू दे..."

"तुमचं चालू द्या," गयाबाई म्हणाली. "मी तवर तूम उघडून येते."

मीनलनं भिंतीला टेकवून ठेवलेलं फावडं खांद्यावर घेतलं अन् सासूच्या मागं निघाली. आशाबाई अन् बाकीच्या जणीही पदर खोचत निघाल्या, पाट मोकळे करायला हात लागणारच होते. पाळीवर चढेपर्यंत त्यांना लिंबाखालचा गलका ऐकू येत होता. चावी कशी द्यायला पाहिजे होती, यावर सभेत अजून वाद चाललाच होता.